पाठमोरी माणसं

चिलीतल्या वाल्पाराइसो शहराच्या टेकडीवरच्या चौकात दर रविवारी दोन झाडांना कपडे वाळत घालायची दोरी बांधली जायची आणि तिला चिमट्यांनी फोटो लटकायचे. सगळे फोटो वस्तीतल्या फोटो मंडळाने आठवडाभरात काढलेले. नियम एकच. फोटोत जो दिसेल त्याने तो घरी न्यायचा. संध्याकाळी जे उरतील ते टिपणाऱ्याने मुकाट्याने आपल्या पिशवीत घालायचे.

मंडळातल्या एर्मेलिंदाची पिशवी दर वेळी भरायची.

शिवणकाम सोडल्यावर तिने मुलाचा जुना कॅमेरा हातात घेतला होता. रोज सकाळी पायऱ्या उतरायची, फोटो काढायची, कधी खाडा नाही. उजेड कुठून घ्यायचा हे तिला आता छान कळायचं. फक्त तिची सगळी माणसं पाठमोरी असायची. समोर जाऊन विचारायचं म्हटलं की ती बाजूच्या गल्लीत वळायची.

"अगं बाई, स्वतःची पाठ भिंतीवर कोण टांगणार?" मंडळातला म्हातारा एव्हारिस्तो हसायचा. "समोर जा. फार तर शिव्या देतील. मी तर लाटण्याचा मारही खाल्लाय!"

शेवटी तिने ठरवलं, एकच फोटो लावायचा, समोरून काढलेला. तोही उरला तर मंडळाला रामराम.

तिने गाठली मासेवाली सुनिल्दा. तोंडाने भारी फटकळ; सगळे तिला आदराने 'दोन्या', म्हणजे बाई, म्हणायचे.

"दोन्या सुनिल्दा, तुमचा फोटो काढू?" एर्मेलिंदाने विचारलं.

"मासे घेणार नाहीस, वर फोटो? काढ बाई, काढ!" सुनिल्दा खदखदून हसली. एर्मेलिंदाने बटण दाबलं.

रविवारी संध्याकाळ झाली, दोरी रिकामी झाली, पण सुनिल्दा तशीच लटकून हसत होती. एर्मेलिंदाला रडू येत होतं. तिने चिमट्याला हात घातला.

"हात लावू नकोस!" मासे विकून सुनिल्दा धापा टाकत चढून आली होती. तिने फोटो ओढून घेतला, डोळ्यांजवळ धरला. "अगं ए! पुढचे दात कुठायत माझे? कवळी घरीच राहिली होती!"

"चुकलं माझं, दोन्या. द्या इकडे, मी ठेवते."

"तू कशाला ठेवतेस? माझा आहे तो!" तिने फोटो एप्रनच्या खिशात सरकवला. "उद्या कवळी लावून बसते. आणखी एक काढ. इतक्याच जवळून."

घरच्या पायऱ्या चढताना एर्मेलिंदाला इतका आनंद झाला होता, की ती रिकामी पिशवी उगाच हलवत राहिली.