हौदासाठी दोन हंडे

भर दुपारी सगळी कॉलनी निपचित पडलेली असताना मोरीतल्या नळाने गुर्रर्र केलं, दोन थेंब टाकले आणि तो गप्प झाला. शालन बादली तशीच सोडून उठली. त्र्याहत्तरचा उन्हाळा, नळ येईल म्हणून सांगितलं होतं, त्या भरवशावर तिने मघाशीच अंगणातल्या हौदाचं पाणी उपसून केळीला घातलं होतं. आता उरलेल्या गढूळ पाण्यात मासे तोंडं वर काढून नुसते आ-आ करत होते.

संगमनेरच्या कॉलेजात रसायन शिकवणाऱ्या तिच्या नवऱ्याने, गोरक्षने, हा हौद थोरल्या छबूसाठी बांधला होता. धाकट्या बाळाला ताप भरला तेव्हा शालनने माशांना रोज कणकेच्या गोळ्या घालायचा नवस बोलला. ताप उतरला; गोळ्या चालूच राहिल्या. पाणी हिरवं झालं, एक मासा उलटा तरंगला. गोरक्षने बाटलीभर पाणी कॉलेजात नेऊन तपासलं.

"नायट्रेट वाढलंय," तो म्हणाला. "तुझी कणीक तळाशी कुजतेय. गावात माणसांना रेशनवरची मिलो ज्वारीसुद्धा मिळेना, आणि आपले मासे खाऊन खाऊन मरतायत! गोळ्या बंद. चौथा हिस्सा पाणी काढायचं, तेवढंच ताजं घालायचं."

तेव्हाच ती शरमेने अर्धी झाली होती.

भांडी घासायला लंकाबाई आली. सकाळभर दुष्काळी कामावर खडी फोडून आलेली, पदर घामाने चिकटलेला.

"नळ गेला व्हय, वैनी? मग राखंनं घासते न् पुसून ठिवते."

"लंकाबाई, खाजाभाईंच्या विहिरीवरून दोन हंडे आणाल?"

"दोन? आवं, तळ दिसाया लागलाय तितं. पोहरा खरवडून पानी काडावं लागतंय. कशापायी?"

हौदासाठी, असं म्हणायलाच शालनने तोंड उघडलं होतं.

"बाळाची आंघोळ राहिलीय," ती म्हणाली. "घामोळ्यांनी अंग फुललंय त्याचं."

"आगं माजे बाय! मग आदी न्हाई का सांगायचं?"

बऱ्याच वेळाने ती परतली. एक हंडा डोक्यावर, दुसरा कमरेवर, पण चेहरा हसरा. "खाजाभाई म्हनला, येवडी तहान कुनाला लागली? म्या म्हनलं, आमच्या धाकट्या सायबाची अंगूळ हाय, सरक बाजूला! मग त्यानंच दोर वडला, बिचाऱ्यानं."

ती मागच्या दारी भांड्यांना बसली. शालनने एकेक हंडा पुढच्या अंगणात नेला आणि काठाकाठाने हौदात ओतला, अगदी हळू, आवाज होऊ नये म्हणून. मासे खाली गेले, वळले, शेपट्या हलल्या. क्षणभर तिला फार बरं वाटलं.

मान वर केली तर दारात लंकाबाई उभी. हात राखेने माखलेले. कढई मागायला आली होती.

लंकाबाईने हौदाकडे पाहिलं, रिकाम्या हंड्याकडे पाहिलं.

"आसं व्हय," ती म्हणाली. मग जरा वाकून, "झ्याक हायती. तांबडं लाल."

"लंकाबाई, मी…"

"ऱ्हाऊ द्या. यांचं झालं न्हवं? आता बाळाचं आनते. उन्हं उतरल्यावर न्हाऊ घातलं तर वारं लागंल त्याला."

तिने हात लुगड्याला पुसले, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि हंडा उचलून फाटकाबाहेर पडली. हाक मारायला हवी होती. बाळाची आंघोळ झालीय, परत या, एवढंच म्हणायचं होतं. शालनचा हात फाटकाच्या कडीवर गेला आणि तिथेच राहिला. तापल्या रस्त्यावर लंकाबाईचे अनवाणी पाय भराभर पडत होते.

झोपेतून उठलेली छबू डोळे चोळत शेजारी येऊन उभी राहिली. तिने रस्त्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई, बाळ तर सकाळीच न्हालं ना गं? मग मावशी पाणी आणायला का गेली?"