समुद्र पाहिलेला बैल

मी एक जुना मातीचा बैल आहे. उंची वीतभर, शिंगांना काव, डोळ्यांच्या जागी दोन गुंजा. त्यांतली डावी कधीच पडली. मित्रांनो, काचेच्या कपाटात मला पाहून तुम्हाला मी खेळणं वाटतो. मी खेळणं नाही. मी अर्धी जोडी आहे.

बिद्रीजवळच्या एका गावात गुंडू कुंभाराने मातीचा एक गोळा मळला आणि त्यातूनच आम्हा दोघांना घडवलं. आम्हाला भाजलं नाही. आमच्या गावात बेंदराचे, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याचे, बैल कच्चेच असतात. सणाला जोडीने पूजा करायची, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा आणि मग कौलावर ठेवायचं. आषाढाचा पाऊस माती मातीला देऊन टाकतो. आमचं आयुष्य एवढंच, आणि त्याबद्दल आमची तक्रार नसते.

१९६४ साली विठाबाईने आम्हाला सणाआधीच घरी आणलं. तिचा नवरा सयाजी साखर कारखान्यात कामाला होता. आफ्रिकेतल्या एका कारखान्याने त्याला तीन वर्षांसाठी बोलावलं होतं आणि जहाज बेंदराच्या आधी सुटणार होतं. निघताना तिने मला जुन्या धोतरात गुंडाळून त्याच्या ट्रंकेत ठेवलं, आणि माझ्या जोडीदाराला चुलीवरच्या कोनाड्यात.

"जोडी फोडत्यात व्हय गं?" सयाजी म्हणाला.

"फोडली म्हंजे सांधायला तरी याल. न्हायतर तुमचा काय भरवसा?"

तो हसला. ती हसली नाही.

मुंबई सुटल्यावर पाच दिवस समुद्र खवळलेला होता. मी ट्रंकेत गडगडत होतो. पाणी आत शिरलं असतं तर माझा तिथेच चिखल झाला असता. मग एका सकाळी सगळं थांबलं आणि सयाजी मला घेऊन डेकवर आला.

मित्रांनो, तो दिवस मी विसरलेलो नाही. वारा नव्हता. लाट नव्हती. किनारा नव्हता, पक्षी नव्हता. माणसं कठड्याला टेकून नुसती बसली होती; कोणाला काही काम नव्हतं. एवढं अफाट रान, पण त्यात बांध नाही, झाड नाही. जहाजामागे नांगराच्या तासासारखी एकच रेघ पडत होती आणि पाहता पाहता बुजत होती. बैलाच्या जातीला याहून उदास काय दिसणार?

जहाजावर कोल्हापूरचे त्र्यंबक मास्तर होते. मोंबासाच्या शाळेत शिकवायला निघाले होते. पिशवीतलं पंचांग उघडून ते म्हणाले, "सयाजीराव, आज बेंदूर."

"ठावं हाय. म्हणून तर ह्याला वर आणलाय."

"पण एकट्या बैलाची पूजा कशी करणार?"

सयाजी उठून भटारखान्यात गेला आणि मूठभर मळलेली कणीक घेऊन आला. मास्तरांनी हौसेने ती हातात घेतली आणि बराच वेळ वळत बसले.

"मास्तर, ह्यो बैल न्हाय, उंदीर हाय. गणपतीपत्तोर जपून ठिवा."

"अहो, वशिंड तर बघा!"

"वशिंड हाय की. उंदराला वशिंड आलंय."

दोघेही पोट धरून हसले. मग सयाजीने स्वतः बैल केला. तो माझ्याशेजारी ठेवला आणि आम्हाला हळदकुंकू वाहिलं. पुरणपोळीच्या जागी बिस्किटं ठेवली.

ऊन कलल्यावर सयाजी म्हणाला, "आता येशीत कराचं तोरण तोडायला बैलं पळत असतील. आमच्या गोठ्यातली जोडी कोण धरंल?"

"धरेल कोणीतरी."

"व्हय," सयाजी म्हणाला. "कोणीतरीच."

सूर्य टेकला तेव्हा त्याने कणकेचा बैल समुद्रात सोडला. मला हातात धरून तो किती तरी वेळ उभा राहिला. मग कठड्याजवळ ठेवून त्याने माझं तोंड मागे, घराकडे केलं. पुढे मोंबासापर्यंत रोज त्याने मला तसंच ठेवलं. म्हणून पुढचा समुद्र मी पाहिलेलाच नाही.

आफ्रिकेत मी खिडकीत बसलो. तीन वर्षं संपली. सयाजी म्हणाला, "औंदाचं एवढंच वरीस." पुढच्या वर्षीही तेच म्हणाला. पगार चांगला होता, घराकडे पैसे वेळेवर जात होते. दर बेंदराला तो माझ्यासाठी कणकेचा जोडीदार करायचा. मला मात्र कोनाड्यातल्या त्या एकाचीच ओढ होती.

आम्ही नऊ वर्षांनी परतलो. उंबरा ओलांडताच सयाजीने ट्रंक उघडली आणि मला घेऊन चुलीपाशी गेला. कोनाडा रिकामा होता.

"ह्याचा जोडीदार कुठं हाय?"

"पाचव्या बेंदराला कौलावर ठेवला," विठाबाई म्हणाली. "पावसानं नेला."

"का गं?"

"एकला बैल किती वरसं दावणीला बांधायचा? धनी येनार का न्हाय, ते त्यालाबी ठावं न्हवतं आन् मलाबी."

सयाजी बाहेर गेला. वळचणीखाली, जिथे कौलांचं पाणी पडतं, तिथे दोडक्याचा वेल चढला होता. त्याच्या बुडाशी तो बसला आणि तिथल्या मातीवर हात ठेवून तसाच राहिला. थोड्या वेळाने विठाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि त्याच्याशेजारी बसली.

त्या वर्षी बेंदराला ती म्हणाली, "ठेवा की ह्यालाबी वर."

"न्हाय," सयाजी म्हणाला. "ह्यानं समुद्र बघितलाय."

तेव्हापासून माझा मान वाढला. पाहुणे आले की सयाजी मला दाखवायचा. पुढे मुलाने कोल्हापुरात स्लॅबचं घर बांधलं आणि मी काचेच्या कपाटात आलो. सयाजी परवाच्या उन्हाळ्यात गेला. विठाबाई अजून गावीच, त्याच कौलारू घरात राहते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सगळे सांगतात. खरं आहे, जपा. पण कोणती वस्तू कशासाठी घडवली होती, तेही एकदा विचारा. माझ्यावर धूळ नाही, चरा नाही, पाण्याचा थेंब नाही, आणि हेच माझं दुःख आहे. येत्या बेंदराला मला गावी न्या. विठाबाईच्या हातात द्या. काय करायचं ते तिला ठाऊक आहे. कौलावर ठेवताना माझं तोंड कुठल्या दिशेला करायचं, याचा विचार करू नका. पाऊस सुरू झाला की वळचणीची वाट मला सापडेल.