अकरा पांढरे दगड

"चार दगड बस झाले ना काका," मोतीलाल ड्रायव्हर ट्रकखालून म्हणाला.

"चारानं काई होत नाई. अकरा लागतेत," डोमाजी म्हणाला आणि रस्त्याच्या कडेचा आणखी एक दगड उचलायला गेला.

रुईच्या गाठींनी लादलेला ट्रक नाचणगावच्या अलीकडे मागचा स्प्रिंगचा पाटा तुटून बसला होता. मागचा लाल दिवा फुटलेला होता. त्याच्या जागी लिंबू-मिरची मात्र ताजी होती. डोमाजी बांधकाम खात्याचा मैलकुली. आठ किलोमीटर रस्ता त्याच्या ताब्यात. कडेचे दगड त्यानंच चुन्यानं रंगवलेले. चाळीस पावलं मागून त्यानं ते तिरपे लावत आणले. वाहन आपोआप बाजूला वळावं, असे. एकतीस वर्षांत त्यानं असे कित्येक ट्रक सांभाळले होते. ट्रक सुधारला की ड्रायव्हरला घर आठवायचं, चहा आठवायचा; दगड आठवायचे नाहीत. म्हणून डोमाजी ट्रक हलेपर्यंत बसून राहायचा आणि दगड पुन्हा ओळीत लावायचा.

देवळीच्या शाळेत निघालेल्या प्रभाकरराव मास्तरांनी लुना थांबवली.

"डोमाजी, आज रिटायर होऊन राह्यले ना तुम्ही? आन् हे काय, रांगोळी?"

"शेवटची हाय मास्तर."

"संध्याकाळी येतो. माह्ये पेढे ठेवजा."

साडेतीनला खात्याची जीप आली. देवळीच्या कार्यालयात निरोपाचा कार्यक्रम होता. पुलगावहून बोलावलेला मिस्त्री अजून पाटा ठोकतच होता.

"मी नाई येत. गाडी निघू द्या," डोमाजी म्हणाला.

"साहेब खोळंबले ना! शाल तुझी, अन् तूच नाई?" जीपचा ड्रायव्हर म्हणाला.

मोतीलालनं छातीवर हात ठेवला. "जा काका. गजानन महाराजाची शप्पथ, एकूणएक दगड उचलतो."

डोमाजी जीपमध्ये बसला. नोकरीत पहिल्यांदाच त्यानं ड्रायव्हरवर विश्वास टाकला.

साहेबांनी भाषण केलं. डोमाजीच्या हद्दीत रस्त्यावरच्या दगडानं कधी अपघात झाला नाही, असं ते म्हणाले; नाव मात्र त्यांनी ‘दोमाजी’ असं घेतलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शाल खांद्यावर पडली. डोमाजीनं दोन पेढे कागदात बांधून खिशात ठेवले आणि मिळाली ती काळीपिवळी धरली.

उतरला तेव्हा ट्रक नव्हता. दगड होते. अकराच्या अकरा, त्यानं लावले तसेच. मावळता सूर्य समोरून असा येत होता की पांढरा दगड आणि उन्हानं चकाकून पांढरा झालेला रस्ता एकच दिसावा. बाभळीखाली लुना आडवी पडली होती.

शेळ्या चारणारी रुख्मिणी कडेला उभी होती.

"मास्तर पडले. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं."

"बोलून राह्यले होते का?"

रुख्मिणीनं शेळीकडे पाहिलं.

"ट्रक कवा गेला?"

"लय वेळ झाला. हॉर्न देत गेला."

"मंग दगड काऊन नाई उचलले तू?"

"तुह्ये दगड होते ना," रुख्मिणी म्हणाली. "मले वाटलं, तू लावले म्हंजे कामाचेच असतीन. तूच येशीन, तूच उचलशीन."

 डोमाजीची नोकरी तासाभरापूर्वी संपली होती. त्यानं शाल कंबरेला खोचली आणि एकेक दगड कडेला नेऊन ओळीत ठेवला. अकराव्याची एक बाजू आता पांढरी नव्हती. ती बाजू त्यानं खाली केली. वाकताना खिशातले पेढे दबले. त्यानं ते बाहेर काढले नाहीत.

पुलगावची एसटी आली आणि मोकळ्या रस्त्यावरून, वेग जराही कमी न करता, निघून गेली.