एका बिंदूत तीन पदर

मित्रांनो, मी एक जुनी, वाकडीतिकडी तांब्याची तार आहे. पण मला भंगार म्हणू नका. गणिताच्या एका सरांनी बहुपदीत आकडे घालून बिंदू काढले आणि पकडीने मला त्या बिंदूंमधून वळवले. मी हवेत चार वेढे घेते, पण स्वतःला कुठेच शिवत नाही. त्याचा मला फार तोरा होता.

सरांचा प्रश्न माझ्या सावलीचा होता. अशा वक्राची सावली सपाट भिंतीवर पाडली, तर ती स्वतःला किती ठिकाणी छेदेल, हे नुसत्या समीकरणावरून सांगता येईल का? सर गेले, प्रश्न राहिला. तो त्यांच्या विद्यार्थिनीने उचलला. या बाईंनी अकरा वर्षे हाडाची काडे करून चाळीस पानांची सिद्धता लिहिली. कागदावर सगळे जमल्यावर मला कोण विचारतो? मी कपाटावर धूळ खात पडले.

सिद्धता गणितज्ञांच्या सभेत मांडायच्या आदल्या दुपारी शिपाईमामा खोली आवरत होते.

"मॅडम, ही तार टाकू का?"

"टाका," बाई मान वर न करता म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"तांबं दिसतंय," म्हणत मामांनी मला उन्हात धरले आणि फिरवत फिरवत पुसू लागले. समोरच्या भिंतीवर माझी सावली वळत गेली.

"मामा, थांबा! अजिबात हलू नका!"

मामा हात वर करून जागच्या जागी उभे.

"तीन पदर... एकाच बिंदूत तीन!"

"मॅडम, हात भरून आला हो."

प्रत्येक छेदात दोनच पदर येतात, असे बाईंनी सहाव्या पानावर गृहीत धरले होते. पुढची सगळी मोजणी त्यावर उभी होती. "चुकलंच, मामा," म्हणत त्यांनी सहावे पान काढून त्या ओळीवर काट मारली. त्यांचा घात माझ्याच हातून व्हावा, याचे मला फार वाईट वाटले.

"इतके दिवस कुणाला दिसलं नाही ना? मग राहू द्या की," मामा हळूच म्हणाले.

"मला दिसलं ना, मामा."

दुसऱ्या दिवशी बाई मला घेऊन सभेत उभ्या राहिल्या. त्या स्पष्ट शब्दांत म्हणाल्या, "माझी सिद्धता चुकली आहे. कुठे, ते आधी दाखवते." त्यांनी मला दिव्यासमोर धरले. कुणीही हसले नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्यापूर्वी एकदा उजेडात धरून पाहा. आणि आपली चूक सापडली, तर ती आपणच सांगा. त्याने काम संपत नाही. बाईंनी त्याच संध्याकाळी नवी वही काढली.