पायी आलात ना?

मी गाढवीण बोलतेय. हसा, हसून घ्या. कुणाची अक्कल काढायची झाली की तुमच्या तोंडी आमचंच नाव येतं, हे मला ठाऊक आहे. त्याचा मला राग नाही. फक्त आज जरा थांबून ऐका.

माझा जन्म वीटभट्टीवरचा. आईच्या पाठीवर विटा आणि तिच्यामागे लुडबुडत मी, असं माझं बालपण गेलं. पुढे विटा माझ्या पाठीवर आल्या. मलाही एक शिंगरू झालं होतं. ते अजून अंगावर पीत होतं तेव्हाच बाजारात गेलं. मी खूप ओरडले. आमचं ओरडणं ऐकून माणसं कानांत बोटं घालतात, त्यामुळे त्यात रडणं किती होतं ते कुणाला कळलं नाही.

भट्टीवरच्या एका कामगाराची छाती धुराने खराब झाली होती. त्याला डॉक्टरने हवापालट करायला सांगितलं. तो मला विकत घेऊन डोंगराकडे आला. इकडेही लोक त्याला भट्टीवालाच म्हणू लागले. डोंगराखाली नदी, नदीवर पूल, पुलापासून उभा चढ आणि माथ्यावर यात्रेकरूंचं दगडी मुक्कामघर. यात्रेकरूंच्या पिशव्या वर न्यायच्या, हे आमचं काम. विटांपुढे पिशव्या म्हणजे मला चैनच वाटली.

या लांबच्या यात्रेचा एक नियम आहे. प्रत्येकाजवळ एक घडीचं कार्ड असतं. मुक्कामामुक्कामाला त्यावर शिक्का घ्यायचा. शेवटच्या गावी कचेरीत शिक्के तपासतात आणि मग चालणाऱ्याला दाखला मिळतो. वाटेचा शेवटचा भाग, म्हणजे आमच्या पुलापासून पुढचा, सगळा पायीच व्हायला हवा. पिशवी गाढवावर चालते, माणूस चालत नाही. एखादा शिक्का नसला की दाखला नाही.

माथ्यावर शिक्केवाले काका टेबल मांडून बसायचे. प्रत्येकाला एकच विचारायचे, "पायी आलात ना?" समोरचा जे सांगेल ते खरं धरायचे. पाय दुखतात म्हणून माझ्यावर बसून आलेले काही जण शेवटच्या वळणाला उतरायचे आणि लंगडत टेबलापाशी जायचे. शिक्का मिळाला की त्यावर फुंकर घालत बसायचे. मी काय, चारा खात गप्प उभी राहायची.

एकदा पुलापाशी दोघी आल्या. एक म्हातारी, अंगाने काडीसारखी, आणि तिची सून. सुनेने दोघींच्या पिशव्या माझ्यावर टाकल्या.

"कार्डं काढून ठेवा हातात, वर लगेच लागतात," भट्टीवाला म्हणाला.

"माझ्याकडे नाही कार्ड," सून म्हणाली. "मी यात्रेला नाही आले. यांना एकटं कसं सोडणार, म्हणून आलेय."

चढावर त्यांचं बोलणं माझ्या कानावर पडत होतं. म्हातारीचा मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. कामावर असतानाच खाली पडला आणि गेला. वारलेल्या माणसाच्या वतीनेही ही यात्रा चालता येते. मग दाखल्यावर त्याचं नाव लिहितात. म्हातारी त्यासाठी निघाली होती.

"कोपऱ्यावरून दूध आणायचं तरी स्कूटर काढायचे ते," सून म्हणाली. "आणि आता त्यांच्या नावाने डोंगर चढायचे! काय होणार आहे आई, कागदावर नाव येऊन? वर्षभर मी शिक्केच गोळा करत हिंडलेय ना. विम्याच्या कचेरीत शिक्का, बँकेत शिक्का, पेन्शनला शिक्का."

म्हातारी श्वास घ्यायला थांबली. "त्या सगळ्या कागदांवर त्याच्या नावाआधी काय लिहिलंय गं?"



"मयत," म्हातारीच म्हणाली. "सगळीकडे मयत. या कागदावर तसं लिहीत नाहीत. नाव लिहितात आणि पुढे लिहितात, 'चालत आला.' मला तेवढं एकदा वाचायचंय."

त्यानंतर सुनेने वाद घातला नाही. म्हातारीच्या हातातली पाण्याची बाटली तिने स्वतःकडे घेतली.

चढाच्या मध्यावर म्हातारीला घेरी आली. डोळे मिटले, ओठ पांढरे पडले. भट्टीवाल्याने पिशव्या आपल्या खांद्यावर घेतल्या आणि तिला माझ्या पाठीवर घातलं. सून तिला धरून चालत होती आणि सारखी हाका मारत होती, "आई, ऐकू येतंय ना? आई!" मी पाऊल जपून टाकत होते. विटा वाहताना कधी इतकं जपलं नव्हतं.

माथ्यावर सावलीत पाणी मारल्यावर म्हातारी शुद्धीवर आली. थोड्या वेळाने उठून टेबलापाशी गेली आणि कार्ड पुढे केलं.

"पायी आलात ना?" काकांनी विचारलं.

"पायीच," भट्टीवाला पटकन म्हणाला.

"हो, पायीच आल्यात," सूनही म्हणाली.

"नाही," म्हातारी म्हणाली. "अर्धा चढ मी हिच्या पाठीवरून आले."

काकांचा शिक्क्याचा हात हवेतच राहिला. ते कळवळून म्हणाले, "अहो आजी, मी विचारलं, यांनी सांगितलं. तुम्हाला कुणी बोलायला लावलं?"

"माझ्या नावाने असतं तर बोलले नसते हो. त्याच्या नावाने खोटं कसं लिहू?"

काकांनी शिक्का खाली ठेवला. सून तिथून उठली आणि माझ्यापाशी येऊन रडली. मोठ्याने नाही. माझ्या मानेवर कपाळ टेकून.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीने काकांना विचारलं, "उतार मोजत नाहीत ना?"

"नाही. का?"

"मग गाढवावरून खाली जाते. पुन्हा पहिल्यापासून चढते."

सगळ्यांनी समजावून पाहिलं. सून चिडली, हात जोडले, शेवटी म्हणाली, "तुम्ही आणि तुमचा मुलगा, दोघं सारखेच. एकदा ठरवलं की कुणाच्या बापाचं ऐकायचं नाही." आणि पिशवीतून म्हातारीचे मोजे काढून तिच्या पायांत घालू लागली.

तिला पाठीवर घेऊन मी पुलापर्यंत उतरले. मग ती चढू लागली. माझी पाठ रिकामी होती आणि ती माझ्या आयाळीला धरून चालत होती. त्या दिवशी मला माझ्या रिकाम्या पाठीची लाज वाटत होती. दर थोड्या वेळाने ती बसायची. भट्टीवाला म्हणायचा, "आजी, बसा ना हिच्यावर. कोण बघतंय?" ती नुसती मान हलवायची.

सूर्य कलला तेव्हा आम्ही शेवटच्या वळणावर होतो. मुक्कामघराचं छप्पर वर दिसत होतं. तिथे ती एका दगडावर बसली आणि तिला उठताच येईना. सुनेने दोन्ही हात धरून उभं केलं, तर गुडघे वाकले.

वरून काका पाहत होते. ते खाली येताना दिसले. त्यांच्या एका हातात शिक्का होता, दुसऱ्या हातात शाईची डबी. आजवर शिक्का टेबलावरून हललेला मी पाहिला नव्हता.

"कार्ड द्या, आजी."

"पण मुक्काम तर वर आहे."

"शिक्का असेल तिथे मुक्काम," काका म्हणाले. "इथवर पायी आलात ना?"

"आले," म्हातारी म्हणाली. तेव्हा तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता उठून चालायलाच लागेल.

टेकायला जागा नव्हती. काकांनी कार्ड माझ्या पाठीवर ठेवलं आणि शिक्का मारला. म्हातारीने कार्ड हातात घेतलं, उन्हाकडे धरून पाहिलं आणि सुनेला म्हणाली, "आता बसते बाई गाढवावर. उरलेलं उद्या इथूनच चालू."

मी निघाले. थोडंसंच अंतर होतं. काका पुढे, सून बाजूला. आणि एकाएकी मला पाठीवरचं वजन वेगळं लागलं. आयुष्यभर मी ओझी वाहिली आहेत. जिवंत माणूस पाठीवर असलं की ते प्रत्येक पावलाला आपला तोल सावरत असतं. ते सावरणं थांबलं होतं.

मी जागच्या जागी उभी राहिले.

"चल गं," भट्टीवाल्याने दोर ओढला. मी हलले नाही. "शेवटी गाढव ते गाढवच! दोन पावलं राहिली तर अडून बसलंय." त्याने पाठीमागून ढकललं. मी पाय रोवून उभी होते. एवढ्या अंतरासाठी तिला ओझ्यासारखं न्यायचं माझ्याच्याने होईना.

मग सुनेने वर पाहिलं.

त्यापुढचं मी फार सांगत नाही. माणसांनी म्हातारीला खाली पुलापर्यंत उचलून नेलं, तिथून गाडी घेऊन गेली. कार्ड सुनेच्या हातात होतं. त्यावर पुढच्या शिक्क्यांची घरं कोरीच होती.

पुढल्या वर्षी सून एकटी आली. या वेळी तिच्याकडे स्वतःचं कार्ड होतं. पिशवी माझ्यावर देईना, आपल्याच पाठीवर घेऊन चढली. मी रिकामीच तिच्यामागून गेले. भट्टीवाल्याने मला अडवलं नाही.

काकांनी तिला ओळखलं. नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. म्हणाले, "दाखल्यासाठी नोंद करतो. कुणाच्या वतीने?"

नवऱ्याचं नाव सांगताना ती जरा अडखळली. मग म्हणाली, "सासूबाईंचा मुलगा. तसं लिहिता येईल का?"

"फक्त नाव लिहितात, बाई. आणि एका दाखल्यावर एकच."

"मग त्यांचंच लिहा. सासूबाईंसाठी पुन्हा येईन."

ती पलीकडच्या उतरणीला लागली. तिचा दाखला झाला असणार, पण मी पाहिला नाही. माझी वाट माथ्यापर्यंतच.

त्यानंतर डोंगराला रस्ता झाला. पिशव्या आता जीपमधून येतात. भट्टीवाल्याचा छातीचा त्रास अगदीच वाढला, तेव्हा त्याची मुलगी त्याला घरी घेऊन गेली. जाताना त्याने मला काकांच्या हवाली केलं. मी मुक्कामघरामागे असते. एका डोळ्याने दिसत नाही, मागचे पाय उठताना थरथरतात. काका चारा घालतात, दुपारी टेबल सोडून चढाच्या तोंडाशी जातात आणि खाली बघत उभे राहतात. मग परत येतात. सून अजून आलेली नाही.

तुम्ही त्या वाटेने येणार असाल आणि एकटीच चालणारी अशी कुणी भेटली, तर माझा निरोप सांगा. ओझं घ्यायचं बळ आता माझ्यात नाही. पण ती येईल त्या दिवशी पुलापर्यंत उतरेन म्हणते. चढताना धरायला आयाळ आहे अजून.