वरची पिशवी

मी एक जुना निळा ड्रम आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. आज माझ्यात उष्टं आणि चिप्सची पाकिटं कोंबतात, पण अकरा वर्षं चाळीस घरांचा बाजार मी पोटात घालून समुद्रावरून आणला आहे. एकदाही कुणाचं पीठ भिजलं नाही.

कसलीशी परदेशी आंबट फळं भरून मी न्हावा शेवा बंदरात उतरलो आणि रिकामा होताच भंगारात पडलो. बंदरात हमाली करणाऱ्या कोंडाजींनी मला उचलून आपल्या बेटावर आणलं. चिंच आणि राख लावून आठ दिवस घासलं, झाकणाला रबर बसवलं, कड्याला लोखंडी खटका लावला. आपलं कुणीतरी आहे, असं मला पहिल्यांदा तेव्हा वाटलं.

बेटावर दुकान नाही. भात आणि मासळी घरची. बाकी सुईपासून साबणापर्यंत सारं पलीकडच्या बाजारातून येतं. आठवड्यातून एकदा चांगदेव होडी घेऊन जायचा. यादी कुणी लिहीत नसे. प्रत्येक घर आपली पिशवी माझ्यात टाकी आणि पिशवीत नमुना असे: तेलाची रिकामी बाटली, साबणाचा कागद. तो पाहून चांगदेव सामान भरी. कोंडाजींचा नियम एकच. घरात आजारी माणूस असेल तर पिशवीला लाल चिंधी बांधायची आणि येताना ती सगळ्यात वर ठेवायची, म्हणजे होडी लागताच पहिली तीच निघेल. दसऱ्याला कोंडाजींच्या पत्नी सगुणाबाई मला झेंडूची माळ घालायच्या. मी फुगून जायचो.

पुढे कोंडाजींनाच रक्तदाब जडला. मग सगुणाबाई गोळ्यांचं रिकामं पाकीट पिशवीत टाकून चिंधी बांधू लागल्या.

त्याच सुमारास कोंडाजींच्या पुतण्याने, अल्पेशने, पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. एकांत हवा म्हणून शहरातली माणसं येऊ लागली. एकांताला काय काय लागतं, ते मला विचारा: पनीर, मश्रूम, सोडा, बर्फ, शिवाय पाण्याच्या बाटल्या. बेटाची विहीर गोड आहे, पण तिच्यावर छापील कागद चिकटवलेला नाही ना.

गेल्या ऑक्टोबरात बाजाराच्याच दिवशी वादळाचा इशारा आला. संध्याकाळपासून होड्या बंद. चांगदेव पलीकडच्या धक्क्यावर आवराआवर करत होता, तेवढ्यात अल्पेशचा फोन आला.

"चांगदेवदादा, पाव्हण्यांना भाजायला कोलसा पायजे. दोन लहान गोणी आन. भिजवू नको हां."

चांगदेवने पिशव्या उपसल्या, तळाला कोळसा घातला आणि पिशव्या पुन्हा रचल्या. झाकण चार बोटं वर राहिलं. एक पिशवी काढावीच लागणार होती. त्याने वरची काढली. घाईत हाताला पहिली तीच आली. ती हातात धरून नेऊ म्हणून बाकड्यावर ठेवली. मग मला उचलायला त्याचे दोन्ही हात लागले. मी पाहत होतो, मित्रांनो, पण ड्रमला तोंड असतं, वाचा नसते.

बेटावर झाकण उघडलं तेव्हा सगुणाबाई किनाऱ्यावर उभ्या होत्या.

"चांगदेव, आमची पिशवी कुठं हाय?"

तो तळापर्यंत शोधत गेला. त्याचे हात कोळशाने काळे झाले.

"वयनी, बाकड्यावर राह्यली."

"आज सकाली शेवटची गोली घेतलीय त्यांनी," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही.

चांगदेव तसाच होडीकडे धावला. लाटा धक्क्यावर चढत होत्या. कोंडाजींनीच त्याचा दंड धरला.

"दोन दिसांनी मी मरत न्हाय. तू मरशील."

वादळ चार दिवस राहिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवताना कोंडाजींच्या हातातला घास ताटात पडला. उजवं अंग गेलं, बोलणंही गेलं. ते जगले आहेत, एवढंच.

तेव्हापासून बायकांनी मला हात लावला नाही. सगुणाबाई आता स्वतः होडीत बसून जातात आणि पिशवी उराशी धरून आणतात. मला अल्पेशने खोल्यांमागे कचऱ्यासाठी उभं केलं. मला चीड येते. चांगदेवची नाही, तो अजून कोंडाजींच्या समोर मान वर करत नाही. चीड माझ्या पोटाची येते, ज्यात कोळशाला जागा झाली आणि दहा गोळ्यांना झाली नाही.

मित्रांनो, तुम्ही कधी बेटावर राहायला आलात, तर आपली हौस आपल्या हातात घेऊन या. आणि काही मागवलंतच, तर तुमच्यासाठी कुणाची पिशवी खाली ठेवली, हे एकदा विचारा.

त्या पाहुण्यांनी पावसात काही भाजलंच नाही. दोन्ही गोण्या तशाच बांधलेल्या राहिल्या. अल्पेशला त्या डोळ्यांसमोर नकोशा झाल्या. माझ्यात पडलेला पहिला कचरा म्हणजे त्याच गोण्या. कोळसा अगदी कोरडा होता. मी जरासुद्धा भिजू दिला नव्हता.