पुसलेली अकरा कार्डं

कागद गिरणीच्या मोठ्या मशीनवर त्या वर्षातलं तिसरं सुटं इलेक्ट्रॉनिक कार्ड बसवल्या बसवल्या मेलं, तेव्हा फोरमन ते हातात धरून थेट स्टोअरच्या खिडकीशी आला. फोरमन म्हणजे स्टोअरवालीचा सख्खा थोरला भाऊ. घरी दादा आणि गिरणीत फोरमन अशी वाटणी होती, पण रागावला की तो ती विसरायचा.

"घे तुझं नवंकोरं. दोन तास ओला कागद रोलरला चिकटून बसलाय. कपाट आहे की शवागार?"

"सीलबंद होतं, दादा."

"कंपनीचं सील होतं, की तू लावलेली चिकटपट्टी?"

चिकटपट्टी तिचीच होती.

गिरणीत तिला टापटीपबाई म्हणत. मशीनला हुकूम देणाऱ्या कंट्रोलरची सुटी कार्डं बारा वर्षं तिच्या ताब्यात होती. ओल लागू नये म्हणून कपाटाला रबरी कडा, प्रत्येक कप्प्यात ओल शोषणाऱ्या पुड्या आणि भिंतीवर हवेतली ओल दाखवणारा काटा. दर शनिवारी ती एकेक कार्ड चंदेरी पिशवीतून काढायची, नायलॉनच्या मऊ ब्रशनं झटकायची आणि नवी चिकटपट्टी लावून परत ठेवायची. पाहुणे आले की साहेब मुद्दाम ते कपाट उघडून दाखवत.

साहेबांनी पुरवठादारावर ठपका ठेवणारं पत्र लिहायला घेतलं होतं. तिनं एक दिवस मागून घेतला आणि मेलेली तिन्ही कार्डं घेऊन ती दुरुस्तीवाल्याकडे गेली.

हा म्हातारा एका जिन्याखालच्या खोलीत बसायचा. तिनं पिशवी उघडायला हात घातला तसा तो म्हणाला, "थांबा. आधी हा पट्टा मनगटाला बांधा." पट्ट्याची वायर टेबलाच्या रबरी चादरीला आणि तिथून जमिनीत गेलेली होती. मग त्यानं कार्ड भिंगाखाली धरलं आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"बघा. हा खड्डा दिसतो? वीज पडलीय इथं."

"आमच्या कपाटात वीज कुठून येणार?"

"तुमच्या हातातून. कार्डं पुसता का?"

"दर शनिवारी. नायलॉनच्या ब्रशनं."

"आणि खोली कोरडी असेल."

"कडकडीत," ती सवयीनं, जरा अभिमानानंच म्हणाली.

म्हातारा हसला नाही. "मग झालंच. कोरड्या हवेत नायलॉन घासलं की वीज साठते. तुम्हाला मुंगी चावल्याइतकीही कळत नाही, पण या चिपचा जीव जातो. म्हणून हा पट्टा, ती जमिनीत उतरवायला. धुळीनं माखलेली कार्डं वीस वीस वर्षं चाललेली पाहिलीत मी. पुसून मारलेली मात्र तुमचीच पहिली."

तिचा चेहरा उतरला, पण तिनं पुढचा प्रश्न विचारलाच. "अजून अकरा आहेत. त्यांचं काय?"

"काही मेली असतील. काही धडधाकट असतील. आणि काही लंगडी. ती तपासणीत पास होतील आणि चार महिन्यांनी ऐन वेळी दगा देतील. लंगडी कुठली, ते मलाही सांगता येणार नाही."

संध्याकाळी तिनं भावाच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. तो चपला काढता काढता थांबला.

"आणखी कोणाला बोललीस?"

"उद्या साहेबांना सांगणार आहे."

"डोकं फिरलंय का? खापर पुरवठादारावर फुटतंय ना, फुटू दे. ब्रश टाकून दे आणि गप्प बस. बारा वर्षांचं नाव आहे तुझं."

"आणि अकरा कार्डं?"

"ती बघू नंतर."

"नंतर म्हणजे तू त्यातलं एक मोठ्या मशीनला लावशील तेव्हा. पुन्हा दोन तास मशीन बंद. पुन्हा तू माझ्या खिडकीशी."

"तू लहानपणापासून अशीच," तो म्हणाला आणि उरलेली चप्पल काढून आत गेला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. पत्र बाजूला सारलं.

"सहा दिवसांनी गिरणी डागडुजीसाठी बंदच आहे," ते म्हणाले. "अकराही तपासा. नापास होतील ती फेका. विषय संपला."

"नाही संपत, साहेब. पास झालेल्यांवरही माझा भरवसा नाही. मीच पुसलीत ती."

"मग काय करायचं म्हणता?"

"पॅकिंगच्या मशीनवर हीच कार्डं आहेत. तीन वर्षं बिनतक्रार चाललीत, म्हणजे त्यांची परीक्षा झालेली आहे. ती काढून कपाटात ठेवायची. माझी पुसलेली पॅकिंगवर बसवायची. मोठ्या मशीनवर सुटं कार्ड मेलेलं निघालं तर दोन तास जातात, पॅकिंग थांबलं तर दहा मिनिटं. लंगडं कार्ड पडायचंच असेल तर तिथं पडू दे."

फोरमन आतापर्यंत दाराशी उभा होता. आता तो पुढे आला. "चालत्या मशीनला हात लावायचा नाही, हे मी शिकाऊ होतो तेव्हापासून ऐकतोय. आणि ही म्हणते, चांगलं कार्ड काढा आणि खराब घाला."

"चांगलं म्हणतोयस ना तू त्याला?" ती म्हणाली. "मग मोठ्या मशीनसाठी तेच नको का?"

साहेबांनी विचारलं, "पॅकिंग बंद पडेल तेव्हा ते लोक शिव्या कोणाला देणार?"

"मला. माझं नाव लावून ठेवा तिथं."

साहेबांनी पत्र फाडलं. मात्र चूक तिची असल्याचा लेखी शेरा तिच्या फायलीत मारला. तिनं तो वाचला आणि खाली सही केली.

गिरणी बंद होती त्या दोन दिवसांत अकरांपैकी तीन कार्डं तपासणीतच मेलेली निघाली. उरलेली आठ पॅकिंगवर चढली. तिथली आठ खाली आली. फोरमननं मनगटाला पट्टा बांधला. "बैलासारखं दावं लावलंय मला," असं तो दिवसभर पुटपुटत होता, पण पट्टा काढला नाही. खाली आलेल्या कार्डांवर तीन वर्षांची धूळ होती. तिचे हात शिवशिवले. तिनं ती तशीच्या तशी चंदेरी पिशव्यांत घातली, तोंडं बंद केली आणि वर तारीख घातली. मग कपाटाच्या दारावर कागद चिकटवला: मशीनवर बसवेपर्यंत पिशवी कोणीही उघडू नये. खाली 'मीसुद्धा नाही' असं लिहून अधोरेखित केलं.

पहिलं लंगडं कार्ड पाचव्या आठवड्यात गेलं, दुसरं त्यानंतर वीस दिवसांनी. पॅकिंगवाल्यांनी ठरल्याप्रमाणे तिचा उद्धार केला. तिनं दोन्ही वेळा ऐकून घेतलं, कपाटातलं कार्ड दिलं आणि मेलेल्याचा नंबर नोंदवहीत उतरवला.

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी मोठं मशीन अडलं. पाइप फुटून पाणी थेट पॅनेलवर आलं होतं आणि आतलं कार्ड जळलं होतं. फोरमन खिडकीशी आला. या वेळी त्याच्या हातात काही नव्हतं.

"चालेल ना गं?" त्यानं विचारलं.

"तू काढलंस तोवर तरी चालत होतं."

त्या दिवशी तिनं खिडकी बंद केली आणि त्याच्या मागोमाग मशीनपाशी गेली. त्यानं कोरडं केलेलं पॅनेल उघडलं, पट्टा बांधला आणि पिशवी फोडली. धुळकट कार्ड खाचेत सरकलं. दिवे एकेक करून हिरवे झाले. रोलर आधी हळू, मग नेहमीच्या वेगानं फिरू लागले. मशीन अडल्यापासून अठरा मिनिटं झाली होती, आणि ओला कागद कुठंही न तुटता पुढे सरकत होता. फोरमननं पॅनेलचं दार लावलं. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "पॅकिंगवरची उरलेली सहा पण लक्षात आहेत ना तुझ्या?"

"नंबरासकट," ती म्हणाली.

ती परत आली तेव्हा स्टोअरचा फोन वाजत होता. पॅकिंगचा मुकादम होता. "टापटीपबाई, तुमचं आणखी एक गेलं बघा."

"माणूस पाठवा," ती म्हणाली. "कार्ड काढून ठेवते."